सिझरचं बाळ, अँटिबायोटिक आणि पोटातले जंतू

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. माझी मुलगी आता चार महिन्यांची होईल. बेळगावातल्या एका दवाखान्यात सिझर झालं. पाणी आधीच गेलं होतं, म्हणून इन्फेक्शनच्या भीतीनं बाळाला पाच दिवस काचेच्या पेटीत ठेवलं, अँटिबायोटिकची इंजेक्शनं दिली. त्या दिवसांत डब्याचं दूध पाजलं. आता फक्त अंगावर पिते, वजनही बरं वाढतंय. पण नवरा पुण्यात नोकरीला आहेत, त्यांना कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. सिझरच्या बाळांच्या पोटात चांगले जंतू नसतात, अँटिबायोटिकनं उरलेसुरलेही मरतात, मग प्रतिकारशक्ती जन्मभर कमी राहते, दमा होतो, ॲलर्जी होते, असं त्यात आहे. तेव्हापासून मला झोप नाही. मेडिकलवाल्यानं प्रोबायोटिकचे थेंब दिलेत, महिन्याला दोन बाटल्या लागतात. सासूबाई म्हणतात, "पोर रडूलंय ते पोटानंच, गुटी दे." त्यांना मधात गुटी उगाळून द्यायची आहे. नणंद गोव्यात असते. ती म्हणते, गोठ्याला लागून असलेल्या घरात बाळ ठेवू नका, सगळं सॅनिटायझरनं पुसा. शी तपासून जंतूंचा रिपोर्ट देणाऱ्या एका कंपनीची माहितीही तिनं पाठवली आहे. प्रतिकारशक्ती कमी असताना झेपेल का, म्हणून साडेतीन महिन्यांची लस मी पुढं ढकलली. माझ्या मुलीचं कायमचं नुकसान झालंय का? आता काय करू?
एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, आधी उत्तर देते, कारणं मागाहून. नाही, तुमच्या मुलीचं कायमचं नुकसान झालेलं नाही. अंगावर पिणारं, वजन धरणारं चार महिन्यांचं बाळ आहे. तिच्या आतड्यातली जंतूंची वस्ती अजून पुरती बसलेलीच नाही, मग ती कायमची बिघडणार कुठून? लस मात्र पुढं ढकलायला नको होती. त्याचं शेवटी बोलू.

त्या व्हिडिओतलं सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. निव्वळ खोट्यापेक्षा अर्धं खरं जास्त झोप उडवतं. पोटातले जंतू प्रतिकारशक्ती घडवतात हे खरं आहे. ते कसं कळलं हे थोडक्यात सांगते, म्हणजे कशावर पैसे घालायचे आणि कशावर नाही हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

प्रयोगशाळेत असे उंदीर वाढवतात की ज्यांच्या अंगात एकही जंतू नसतो. जन्मापासून बंद पेटीत, खाणं निर्जंतुक, हवा गाळलेली. वाटेल, हे उंदीर सगळ्यांत निरोगी असतील. पण त्यांच्या आतड्याच्या भिंतीत पांढऱ्या पेशींचे जे पुंजके असायला हवेत ते खुरटलेले राहतात. आतड्याच्या आतल्या बाजूला पाझरणारी आयजीए नावाची प्रतिपिंडं फारच थोडी तयार होतात. इतर उंदरांनी सहज पचवलेल्या संसर्गानं हे उंदीर दगावतात. त्यांच्या पोटात जंतू सोडले की काही आठवड्यांत आयजीए तयार करणाऱ्या पेशी दिसू लागतात, पुंजके भरतात. रोगाशी लढणारी यंत्रणा जन्मतः अर्धी कच्ची असते, आणि तिला पक्की करण्याचं बरंचसं काम पोटातल्या जंतूंकडे असतं, हे यातून कळलं.

पुढं कोणता जंतू काय करतो हेही उलगडत गेलं. २००५ साली अमेरिकेत सरकिस माझमानियन आणि डेनिस कॅस्पर यांनी दाखवलं की बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस या जंतूच्या कवचावरची एक साखर निर्जंतुक उंदरांच्या टी-पेशींचा, म्हणजे पांढऱ्या पेशींतल्या एका प्रकाराचा, बिघडलेला तोल सावरते. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या डॅन लिटमन यांच्या प्रयोगशाळेला आतड्याला चिकटून राहणारे दोऱ्यासारखे जंतू सापडले. ते एका जातीच्या लढाऊ टी-पेशी तयार करवतात. दोन वर्षांनी जपानमध्ये केन्या होंडा यांच्या गटानं क्लॉस्ट्रिडिया कुळातले काही जंतू नेमके उलट वागताना पाहिले. ते अशा टी-पेशी वाढवतात की ज्यांचं काम इतर पेशींना आवरणं. हेच जंतू आपण खाल्लेल्या चोथ्यापासून ब्युटिरेट नावाचं आम्ल करतात आणि तेही या आवरणाऱ्या पेशींना बळ देतं, हे २०१३ मध्ये पुढं आलं.

या आवरणाऱ्या पेशींवर मी एवढी का थांबले? सगळे जण बाळाची प्रतिकारशक्ती वाढवायच्या मागे असतात. दमा, इसब, ॲलर्जी हे आजार ती कमी पडल्यामुळे होत नाहीत. ती भलत्या गोष्टीवर उसळल्यामुळे होतात. दारातला कुत्रा दूधवाल्यावर, पोस्टमनवर, घरच्या पोरांवरसुद्धा धावून जायला लागला, तर त्याला चांगला राखणदार म्हणत नाहीत. कुणावर भुंकायचं नाही हे त्याला पिल्लू असतानाच शिकावं लागतं. बाळाच्या आतड्यातले जंतू रोगप्रतिकारक पेशींना जे शिकवतात त्यात या शिकवणीचा वाटा फार मोठा आहे. म्हणून "इम्युनिटी बूस्टर" लिहिलेली कोणतीही बाटली दिसली की मी आधी किंमत बघते आणि मग ती परत ठेवते.

जन्मभराची भीती कुठून आली तेही सांगते. २०१२ साली बोस्टनच्या रिचर्ड ब्लुमबर्ग यांच्या गटानं निर्जंतुक उंदरांवर काम केलं. त्यांच्या फुप्फुसात आणि आतड्यात एका प्रकारच्या पेशी प्रमाणाबाहेर साचत आणि दम्यासारखा, आतड्याच्या दाहासारखा त्रास होई. जन्मल्याबरोबर जंतू मिळाले तर हे टळत असे. मोठेपणी जंतू देऊन उपयोग होत नव्हता. शिकण्याचा एक ठरावीक काळ असतो, हा त्याचा अर्थ. व्हिडिओ करणाऱ्यानं एवढंच उचललं. पण त्या उंदरांच्या पोटात एकही जंतू नव्हता. तुमच्या मुलीच्या पोटात पहिल्या दिवसापासून कोट्यवधी आहेत, सुरुवातीचे काही दिवस थोडे वेगळे होते इतकंच. शिवाय उंदराचं बालपण आठवड्यांत संपतं. माणसाच्या बाळाची आतड्यातली वस्ती मोठ्या माणसासारखी व्हायला साधारण तीन वर्षं लागतात. तुमचे अजून चार महिनेच झालेत.

सिझरनं फरक पडतो का? पडतो. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे सहाशे बाळांच्या शीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नॉर्मल बाळंतपणात बाळाला आईच्या आतड्यातले जंतू मिळतात. सिझरच्या बाळांत त्यांतले काही, विशेषतः बॅक्टेरॉइड्स, कमी होते आणि दवाखान्याच्या वातावरणातले जंतू जास्त. मात्र बाळं काही महिन्यांची होईपर्यंत दोन्ही गटांतला बराचसा फरक मिटला होता, बॅक्टेरॉइड्सची उणीव तेवढी काहींत टिकली. दम्याचं बघायचं तर सिझरच्या मुलांत दमा सुमारे वीस टक्क्यांनी अधिक आढळतो. हा आकडा ऐकून घाबरू नका. शंभरांतल्या दहा मुलांना दमा होत असेल तर तिथे बारा होतील, असा त्याचा हिशेब. त्यातही सिझर का करावं लागलं, आईला काय त्रास होता, या गोष्टी त्यात मिसळलेल्या असतात. आईच्या योनीमार्गातला स्राव कापसानं बाळाच्या तोंडाला पुसायचा एक प्रकार मधे परदेशात गाजला. तो संशोधनाबाहेर कुणी करू नये, त्यातून नको ते रोगही बाळाला जातात.

अँटिबायोटिकबद्दल मनात अपराधी भाव ठेवू नका. पाणी जाऊन वेळ झालेला, नवजात बाळ, रक्तात संसर्ग पसरायची भीती. अशा वेळी पाच दिवसांची इंजेक्शनं न देणं हाच धोका होता. नवजात बाळाचा सेप्सिस तासांत जीव घेतो. पोटातले जंतू नंतर परत येतात, बाळ परत येत नाही.

औषधाला अमृत किंवा विष ठरवण्यापेक्षा मोजून बघावं, याचं एक उदाहरण तुमच्या जवळचंच आहे. नॉर्मल बाळंतपणाची वाट बघणाऱ्या बायकांना प्रसूतीच्या कळा चालू असताना ॲझिथ्रोमायसिनचा एकच दोन ग्रॅमचा डोस द्यायचा, अशी मोठी चाचणी सात देशांत झाली. तीत २९,२७८ बायका होत्या आणि भारतातल्या दोन केंद्रांपैकी एक बेळगाव होतं, दुसरं नागपूर. निकाल २०२३ मध्ये आला. आईचा सेप्सिस किंवा मृत्यू २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर उतरला. बाळांच्या सेप्सिसमध्ये आणि मृत्यूंत मात्र फरक पडला नाही. एकाच गोळीनं आईला फायदा आणि बाळाला काही नाही. अशी मोजणी झालेली असली की भांडणाला जागा उरत नाही.

काळजी करायची असेल तर पुढच्या अँटिबायोटिकची करा. सर्दी झाली, नाक गळतंय, दोन दिवस ताप आहे, पातळ शी होतेय, की आपल्याकडे लगेच गुलाबी सिरपची बाटली येते. यातले बहुतेक आजार विषाणूंचे असतात, त्यांना त्या सिरपचा काडीचा उपयोग नाही. जुलाब लागले तर अंगावरचं दूध चालू ठेवायचं, सोबत ओआरएस आणि चौदा दिवस झिंक. झिंक सहा महिन्यांच्या आत दहा मिलिग्रॅम आणि पुढं वीस. लहान वयात वारंवार अँटिबायोटिक घेतलेल्या मुलांत पुढं दमा अधिक दिसतो, असं बऱ्याच देशांतल्या नोंदी सांगतात. डॉक्टरांना थेट विचारा, "हे नाही दिलं तर चालेल का?" चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही. आणि दिलं, तर पूर्ण द्या.

आता तुमच्या हातात काय आहे? तुमचं दूध. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल जास्त असते ती एक खास जातीची साखर. तिचे दीडशेच्या वर प्रकार आहेत, आणि लिटरभर दुधात ती साधारण पाच ते पंधरा ग्रॅम असते. गंमत अशी की बाळाला ती पचवताच येत नाही. ती जशीच्या तशी खाली मोठ्या आतड्यात जाते आणि तिथल्या बायफिडोबॅक्टेरियांचं अन्न होते. आई जे दूध करते त्यातला एक भाग ती बाळासाठी करतच नाही, बाळाच्या जंतूंसाठी करते! अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत हे जंतू १९०० च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंरी तिसिए यांना दिसले होते. ते तिथे कशावर जगतात हे नीट कळायला पुढं कित्येक दशकं गेली. या कुळातला इन्फॅन्टिस नावाचा जंतू आईच्या दुधातली साखर सगळ्यांत चांगली खातो, आतडं आम्लधर्मी ठेवतो आणि दाह वाढवणाऱ्या पेशींना खाली आणतो. बांगलादेशातल्या अंगावर पिणाऱ्या बाळांत तो भरपूर आढळतो, अमेरिकेतल्या बाळांत क्वचित. शिवाय दुधातून तुमची स्वतःची आयजीए प्रतिपिंडं बाळाच्या आतड्यात उतरतात. तुमच्या गावातल्या, तुमच्या घरातल्या जंतूंना तुम्ही तोंड दिलेलं असतं, म्हणून तीही त्याच जंतूंसाठी बनलेली असतात. कोणत्याही डब्याला हे जमत नाही. पहिल्या पाच दिवसांत डब्याचं दूध दिलं म्हणून काही बिनसलं नाही. त्यानंतर तुम्ही तिला परत अंगावर घेतलंत, ते मोठं काम होतं. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त अंगावरचं, पाणीसुद्धा नको.

थेंबांची बाटली संपली की परत आणू नका. प्रोबायोटिक सरसकट निरुपयोगी आहेत असं नाही. उलट या विषयातला एक फार चांगला अभ्यास आपल्याच देशातला आहे. ओडिशातल्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवर चाचणी झाली. त्यांतल्या साधारण निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस प्लँटारम या जंतूचा एक ठरावीक प्रकार त्याच्या खाद्य-साखरेसह सात दिवस दिला गेला, बाकीच्यांना नुसतं दिसायला तसंच औषध. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तो निकाल छापला. सेप्सिस आणि मृत्यू मिळून न दिलेल्यांत नऊ टक्के होते, दिलेल्यांत ५.४. पण तो ठरावीक जंतू होता, ठरावीक दिवशी, ठरावीक कारणासाठी, नवजात बाळांना दिलेला. मेडिकलमध्ये मिळणारे थेंब चार महिन्यांच्या धडधाकट बाळाला दिल्यानं पुढचा दमा टळतो, असं कुणी दाखवलेलं नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तर हे थेंब डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय देऊच नयेत. अशा एका बाळाच्या मृत्यूनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२३ मध्ये तसा इशारा दिला होता. तुमच्या दोन बाटल्यांच्या पैशांत घरात अंडी, डाळ, पालेभाजी आणि तुमच्यासाठी वाटीभर दही येईल. दूध पाजणाऱ्या बाईनं पोटभर खावं, यावर पैसे घाला.

शीच्या तपासणीचं एका वाक्यात सांगते : चार महिन्यांच्या बाळाची "योग्य" वस्ती कशी असावी याचं सर्वमान्य माप नाही, तेव्हा रंगीत रिपोर्ट येईल, त्यावरून करायचं काही नसेल आणि काळजी मात्र वाढेल.

आता सासूबाई. त्यांचं गुटीवर मन का आहे हे समजून घ्या. त्यांनी त्यांची मुलं त्याच सहाणेवर वाढवली आहेत. बाळांचं रडं सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सगळ्यांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. नेमकी त्याच वेळी गुटी सुरू होते, म्हणून श्रेय गुटीला जातं. पण सहा महिन्यांच्या आत तिच्यातून पाणी जातं, सहाणेवरचे जंतू जातात, आणि वेखंड-जायफळाचे किती वेढे पडले हे हाताच्या अंदाजावर असतं. जायफळ जास्त झालं की बाळ गुंगतं, आणि घरच्यांना वाटतं, शांत झोपलं. म्हणून नको.

मधाबद्दल मात्र मी कडक आहे. एक वर्षाच्या आत मधाचं बोटही नको, मग तो जांबोटीकडच्या रानातून स्वतः काढून आणलेला असो. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंचे सुप्त बीजाणू असू शकतात आणि ते उकळूनही हमखास मरत नाहीत. आपण मोठी माणसं ते रोज खाऊन पचवतो, कारण आपल्या आतड्यात जंतूंची भरलेली वस्ती त्यांना रुजू देत नाही. बाळाच्या आतड्यात ती वस्ती अजून विरळ असते. तिथे ते रुजतात, विष सोडतात. आधी शी थांबते, मग दूध ओढायची ताकद जाते, मान आणि हातपाय सैल पडतात. तुमच्या सगळ्या पत्राचा विषय पोटातले जंतू हाच आहे ना? मग सासूबाईंना हीच गोष्ट सांगा. "डॉक्टर नको म्हणतात" यापेक्षा "तिच्या पोटातले राखणारे अजून कमी आहेत" हे त्यांना जास्त पटेल. आणि त्यांना काम द्या. बाळाला तेल लावणं, मालिश, अंघोळ, उघड्या अंगानं मांडीवर घेऊन बसणं. घरच्या माणसांच्या कातडीवरचे, हातांवरचे जंतू बाळाला अशाच सहवासातून मिळतात. अंघोळीनंतरची धुरी तेवढी बंद करायला सांगा.

धुरीवरून गोठ्याकडे येते. नणंदेनं भीती घातली आहे ती मुळातच उलटी आहे. युरोपातल्या, विशेषतः जर्मनीच्या बव्हेरियातल्या शेतकरी घरांच्या अभ्यासात गोठ्याच्या आसपास वाढलेल्या मुलांना दमा आणि ॲलर्जी कमी असते, हे पुन्हा पुन्हा दिसलं. अमेरिकेत आमिश आणि हटराइट असे दोन शेतकरी समाज आहेत. मूळ एकाच भागातलं, खाणंपिणं सारखं. आमिश लोकांचा गोठा घराला लागून असतो आणि शेती घोड्यांवर चालते. हटराइट मोठ्या यांत्रिक शेतांवर काम करतात, मुलं गोठ्यापासून लांब. २०१६ च्या अभ्यासात आमिश शाळकरी मुलांत दमा ५.२ टक्के होता, हटराइट मुलांत २१.३. आमिश घरातली धूळ उंदरांच्या नाकात घातली तर उंदरांनाही दम्यापासून संरक्षण मिळालं.

सीमाभागातल्या वाचकांना दुसरं एक उदाहरण अधिक भावेल. फिनलंड आणि रशियातला कारेलिया यांच्यामधून सीमारेषा जाते. दोन्हीकडे नातं सांगणारी माणसं, हवापाणी सारखं, राहणीमान वेगळं. लहान मुलांचा टाइप-१ मधुमेह, म्हणजे प्रतिकारशक्तीनं स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटून केलेला आजार, फिनलंडमध्ये कारेलियाच्या सुमारे सहा पट आहे. २०१६ मध्ये फिनलंड, एस्टोनिया आणि कारेलियातल्या २२२ बाळांच्या शीचा तीन वर्षांचा अभ्यास छापला गेला. फिनिश आणि एस्टोनियन बाळांत बॅक्टेरॉइड्स जंतूंचा भरणा होता, रशियन बाळांत सुरुवातीला बायफिडोबॅक्टेरिया आणि ई. कोलाय जास्त. बॅक्टेरॉइड्सच्या कवचाचा एक घटक प्रतिकारशक्तीला जागंच करत नाही, ई. कोलायचा करतो. मघाशी हेच बॅक्टेरॉइड्स कमी असण्याबद्दल बोलत होतो, हे लक्षात आलं असेल. त्याच कुळातला एक प्रकार उंदराच्या पेशींचा तोल सावरतो आणि इथे भरणा झाला की शिकवणी अपुरी पडते. म्हणूनच "चांगला जंतू", "वाईट जंतू" असं लेबल लावून बाटलीत विकणाऱ्यांवर माझा विश्वास कमी आहे.

याचा अर्थ पोरीला शेणात लोळवा असा नाही. गोठ्यात तिला कडेवर घेऊन जा, अंगणात वाकळ टाकून खेळू द्या, गायीला हात लावू द्या. सॅनिटायझर घरात नको. साबण हवा, आणि तो शी धुतल्यावर, गोठ्यातून आल्यावर, भरवण्याआधी. निरसं दूध कधीच नको. त्यातून ब्रुसेलोसिस आणि क्षय होऊ शकतो. उकळलेलं गाईचं दूधही वर्षभर मुख्य अन्न म्हणून नको. सांडपाण्याची गटार आणि उघड्यावरची शी यांना मात्र शेतातल्या मातीच्या रांगेत बसवू नका. तिथून येणारे जुलाब आतड्याची भिंत खराब करतात आणि वाढ खुंटवतात. आणि दम्याचीच काळजी असेल तर गोठ्याआधी न्हाणीतल्या चुलीच्या धुराकडे बघा. खानापूरच्या पावसाळ्यात ओली लाकडं पेटवून पाणी तापतं, तेव्हा बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवा.

दोन महिन्यांनी उष्टावण येईल. माझ्या दृष्टीनं तुमच्या हातातला सगळ्यांत मोठा टप्पा तोच आहे, आणि त्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. पाश्चर इन्स्टिट्यूटच्या जेरार एबर्ल यांच्या गटानं २०१९ मध्ये दाखवलं की उंदराची पिल्लं दुधावरून अन्नावर येतात तेव्हा जंतूंची वस्ती एकदम वाढते आणि प्रतिकारशक्ती जोरात जागी होते. त्याच वेळी आवरणाऱ्या पेशीही तयार होतात. हा टप्पा अँटिबायोटिक देऊन दाबला, तर ती पिल्लं मोठेपणी आतड्याच्या दाहाला आणि ॲलर्जीला जास्त बळी पडली. या घडामोडीला अ जीवनसत्त्वापासून बनणारा पदार्थही लागतो. माणसात हे अगदी असंच घडतं का, हे उंदरांवरून सांगता येणार नाही, पण वेगवेगळं अन्न वेळेवर सुरू करणं माणसाच्या बाळालाही सर्वार्थानं चांगलंच आहे.

सहा महिने भरले की नाचणीची पातळ खीर, मऊ वरणभात वर तूप, कुस्करलेलं केळं, उकडलेलं रताळं, भोपळा, गाजर, थोडं घरचं दही. एकच पदार्थ महिनाभर चालवू नका, दर काही दिवसांनी नवीन चव द्या. चोथा वेगवेगळा, तसे जंतू वेगवेगळे. अंडं नीट उकडून द्या. शेंगदाण्याला भिऊ नका. आपल्याकडे कुटाशिवाय भाजी होत नाही, ते बाळालाही लवकर ओळखीचं व्हावं. लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटानं अंगावर मोठं इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांवर चाचणी केली. आधी शेंगदाण्याची चाचणी कोरी आलेल्या बाळांपैकी ज्यांना तो टाळला, त्यांतल्या १३.७ टक्क्यांना पाच वर्षांपर्यंत त्याची ॲलर्जी झाली. ज्यांना लवकर सुरू केला, त्यांत १.९ टक्के. अख्खा दाणा मात्र अजिबात नको, घशात अडकतो. बारीक कूट खिचडीत किंवा खिरीत मिसळून द्या. मुलीच्या अंगावर मोठं इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मीठ-साखर वर्षभर जवळपास नकोच. अंगावरचं दूध दोन वर्षं किंवा पुढंही चालू द्या.

राहिली लस. "प्रतिकारशक्ती कमी आहे म्हणून लस नको" हा हिशेब उलटा आहे. काचेच्या पेटीत राहिलेली, अपुऱ्या दिवसांचीसुद्धा बाळं जन्मतारखेप्रमाणे वेळेवरच लस घेतात. रोज दूध पिताना आणि मुठी चोखताना तुमची मुलगी जेवढे जंतू गिळते, त्यापुढं लसीतलं ओझं काहीच नाही. साडेतीन महिन्यांच्या भेटीत पोलिओ, पेंटाव्हॅलंट, न्यूमोकोकल आणि रोटाव्हायरसचा डोस असतो. यांतल्या रोटाव्हायरसच्या थेंबांचा तर तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत सापडलेल्या, त्यांना आजारी न करणाऱ्या ११६-ई विषाणूपासून आपली भारतीय लस तयार झाली. गंभीर रोटाव्हायरस जुलाबापासून ती साधारण ५५ टक्के संरक्षण देते. युरोपात तोंडावाटे द्यायच्या रोटाव्हायरस लसी याहून बऱ्याच जास्त चालतात. आपल्याकडच्या बाळांच्या आतड्यातला दाह आणि जंतूंची वेगळी वस्ती ही त्याची काही कारणं मानली जातात. ५५ टक्के म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळा सलाइन टळली, आणि जुलाब टळले की सोबत येणारं अँटिबायोटिकही टळलं.

या आठवड्यात लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात जा, आई-बाळाच्या नोंदीचं 'ताई कार्ड' बरोबर घ्या. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला डोस पुढं चालू होतो. रात्री थोडा ताप आला तर घाबरू नका, पॅरासिटामॉल किती द्यायचं ते तिथल्या सिस्टरकडून वजनाप्रमाणे लिहून घ्या. आणि नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस असतो, तो कार्डावर लिहिला गेला की नाही हे तिथंच बघून या.